एका शब्दाला एक भूत

मित्रांनो, मी एक जुनी कॅसेट आहे. गाण्यांची नव्हे, हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या शेजारचे सखारामकाका अजूनही मला टेपरेकॉर्डरची समजतात. मी व्हिडिओ गेमची कॅसेट. बिस्किटाएवढी, करड्या रंगाची, पाठीवरचं लेबल अर्धं सोललेलं. हातात धरून खेळायच्या मशीनच्या पाठीत मला खोचलं की पडद्यावर जंगल उगवायचं आणि त्यात भुतं हिंडायची. माझं वय आता पंचविशीच्या पुढे आहे. आमच्या जातीत हे वय म्हणजे नव्वदी, तेव्हा बोलता बोलता जरा कुरकुर केली तर सांभाळून घ्या.

माझ्या खेळाचं नाव 'मोरीबा'. नाव जपानी आहे आणि जन्मही तिकडचाच. जंगलातून लहान लहान भुतं धरायची, त्यांना खाऊ-न्हाऊ घालायचं, मोठं करायचं, असा तो खेळ. गावात सगळे त्याला नुसतं 'भुतांचा गेम' म्हणत. भूत धरलं की त्याचं बारसं करायचं. इंग्रजी अक्षरं, तीही जास्तीत जास्त आठ. एकदा ठेवलेलं नाव पुन्हा बदलता येत नसे.

माझ्या पोटात दोन कप्पे आहेत. एकात खेळ कोरलेला आहे, तो कधी पुसला जात नाही. दुसऱ्यात धरलेली भुतं आणि त्यांची नावं राहतात. हा दुसरा कप्पा शर्टाच्या बटणाएवढ्या एका सेलवर जगतो. बाहेर माझ्याभोवती काय घडलं, कोण काय बोललं, ते माझ्या अंगाला आपोआप आठवतं, त्याला सेल लागत नाही. पोटातलं मात्र सगळं त्या सेलच्या भरवशावर.

मी प्रथम मुंबईतल्या एका शेठच्या मुलाकडे होते. त्याने मला दोन महिने डोक्यावर घेतलं आणि तिसऱ्या महिन्यात खणात टाकलं. शेठचं औषधांचं गोदाम होतं. तिथे हरिश्चंद्र नावाचे एक गृहस्थ खोकी भरण्याचं काम करत. एकदा खण आवरताना शेठने मला आणि मशीनला त्यांच्या हातात ठेवलं नि म्हटलं, घेऊन जा, तुमच्या मुलीला होईल. हरिश्चंद्रांनी मला रुमालात गुंडाळून खिशात घातलं. त्या रुमालाला औषधाचा वास येत होता. पुढे आठ वर्षं मी त्याच रुमालातून प्रवास केला.

हरिश्चंद्रांचं घर हातखंब्याच्या आत, फाट्यापासून दीड कोस चालून गेलं की लागणाऱ्या एका गावात. घरी बायको तुळसा आणि दहा वर्षांची मुलगी नम्रता. गणपती, शिमगा आणि मे महिना, एवढीच त्यांची घरी यायची वेळ. त्या मे महिन्यात बापलेकीने पडवीत बसून मला इतकं खेळवलं की माझी पाठ तापायची. गावची पोरं गोळा व्हायची. मी चालू झाले नाही की प्रत्येकजण मला काढून माझ्या तोंडात फुंकर मारायचा. खरं सांगते, त्या फुंकरीने काही होत नाही, थुंकी मात्र लागते. पण पुन्हा खोचल्यावर मी चालू होत असे आणि फुंकर मारणाऱ्याची मान ताठ होत असे, म्हणून मीही गप्प राहिले.

जूनमध्ये हरिश्चंद्र मुंबईला निघाले तेव्हा नम्रतानेच मला मशीनसकट त्यांच्या पिशवीत घातलं. "बाबा, आता तुम्ही खेळा. गणपतीला घेऊन या." आणि तिथून आमच्या घरातली ती गंमत सुरू झाली.

गणपतीत तिने मशीन चालू केलं आणि धरलेल्या भुतांची यादी उघडली. पहिल्या भुताचं नाव होतं 'नमू'. दुसऱ्याचं 'जेवलीस'. तिसऱ्याचं 'का'. पोर एवढ्या मोठ्याने हसली की आतून तुळसा ओरडली. मग नम्रता मशीन घेऊन चुलीपुढे धावली.

"आये, बाबांनी भुतांची नावं बघ काय ठेवल्यानी!"

तुळसाला इंग्रजी सोडाच, मराठीही जेमतेम वाचता येई. ती म्हणाली, "माजं नाव हाय काय त्यात?"

होतं. खाली चार भुतं ओळीने उभी होती. 'तुळसा', 'गुडघा', 'शेकव', 'ऐक'. तुळसाने तोंडाला पदर लावला. "एवढ्या लांबून गुडघा बरा दिसतो त्यांना," असं म्हणत ती पुन्हा भाकरी थापायला लागली, पण ती भाकरी काही गोल झाली नाही.

मित्रांनो, माझी ती आठ वर्षं अशी गेली. पावसाळाभर मी मुंबईच्या खोलीत, मग गावी, पुन्हा मुंबईला. तिकडून 'भात', 'लावलं', 'का' यायचं. इकडून नम्रता आपली भुतं धरून 'पहिला', 'नंबर', 'आला' पाठवायची. वाचून झालेली भुतं ती पुन्हा जंगलात सोडून देई, कारण माझ्या पोटात जागा मोजकीच. सोडण्याआधी नावं वहीत उतरवून घेई. म्हणून तर ही जुनी नावं मी तुम्हाला सांगू शकते. ती माझ्यापाशी उरलेली नाहीत, ती नम्रता आजही धडाधडा म्हणून दाखवते, तेव्हा मी ऐकते.

फोन नव्हता का, असं तुम्ही विचाराल. पुढे होता की! पण हरिश्चंद्रांना फोनवर बोलताच येत नसे. "बरी आहेस ना? आई बरी आहे ना? बरं, ठेवतो." एवढं झालं की त्यांचं बोलणं संपायचं. भुतांमध्ये मात्र ते अघळपघळ व्हायचे. गोदामाबाहेर आंब्याची पेटी दिसली, पायाला चप्पल लागली, खोलीवरच्या सखारामने मीठ जास्त घातलं, सगळं यायचं. मला वाटतं, तोंडाने जे निघत नसे ते त्यांच्या बोटांनी निघत असे.

मग नम्रता अठरा वर्षांची झाली आणि रत्नागिरीला कॉलेजात जाऊ लागली. एकदा मी तिच्या पिशवीत राहून गेले होते. मैत्रिणींनी मला बाहेर काढलं. "अय्या, तू अजून हे खेळतेस?" त्या दिवशी परतताना तिने मला पिशवीच्या तळाशी दाबून बसवलं. मला वाईट वाटलं, पण राग नाही आला. त्या वयात सगळ्यांनाच आपलं घर थोडं लपवावंसं वाटतं.

त्याच वर्षी हरिश्चंद्र गणपतीला आले नाहीत. गोदामात माणसं कमी होती, रजा मिळाली नाही. ते न येण्याची ती पहिलीच वेळ. त्यांच्याऐवजी मी आले, सखारामकाकांच्या खिशातून. सखाराम त्याच गावचे आणि मुंबईच्या खोलीत हरिश्चंद्रांच्या शेजारी अंथरूण घालणारे.

"हरीनं दिलान," असं म्हणून त्यांनी पिशवीतून मशीन काढलं आणि रुमाल नम्रताच्या हातात ठेवला. "मोप लिवलान हाय, निवांत बघ म्हणून सांगितलान."

नम्रताने रुमाल सोडलासुद्धा नाही. बाबा आले नाहीत याचा राग तिच्या नाकावर होता. तिला माणूस हवं होतं आणि आली होती कॅसेट! तिने मला मशीनसकट फळीवर ठेवून दिलं.

संध्याकाळी तुळसा खोबरं किसत होती. तिने विचारलं, "काय लिवल्यानी गो?"

"कायच नाय, आये. नुसता खेळ हाय."

"माजं नाव?"

"नाय."

खोबरं संपलं होतं तरी थोडा वेळ तुळसा किसणीवर हात फिरवत राहिली.

मी फळीवरून ओरडत होते, मित्रांनो. खोटं आहे, खोटं आहे! माझ्या पोटात नावंच नावं होती. पण मशीनमध्ये खोचल्याशिवाय मला तोंड नाही.

दिवाळीनंतर पंधरा दिवसांनी हरिश्चंद्र गोदामातच गेले. खोकं उचलायला वाकले ते तसेच बसले. नम्रताच्या परीक्षेच्या फॉर्मवर त्यांची सही व्हायची राहिली होती.

तुम्हाला वाटेल, मग तरी तिने मला उघडलं असेल. नाही उघडलं. दिवसकार्य झाल्यावर एकदा तिने मला हातात घेतलं. मशीनचं बटण दाबायला अंगठा ठेवला आणि तशीच बसून राहिली. आत काय असेल? 'कधी भेटू' असेल तर? 'छातीत दुखतंय' असेल तर? ज्याला उत्तर द्यायला हवं होतं असं काही निघालं, तर मग पुढे जगायचं कसं? तिने मला आणि मशीनला जुन्या लोखंडी ट्रंकेत ठेवलं आणि वर गोधड्या रचल्या. मी तिला दोष देत नाही. भ्याली होती ती.

ट्रंकेत मी सतरा वर्षं काढली. अंधारात करायचं काय? मी रोज एकदा पोटातली नावं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचत असे. वाचून झालं की वाटायचं, आज तरी कोणीतरी झाकण उघडेल. बाहेर नम्रताचं लग्न झालं, ती रत्नागिरीला कचेरीत क्लार्क लागली, तिला मुलगी झाली. हे सगळं मी गोधड्यांखालून ऐकलं. आणखी एक ऐकलं, ते सांगायला जड जातं. तुळसाकडे कोणी बायका बसायला आल्या, नवऱ्याच्या गोष्टी निघाल्या, की ती म्हणायची, "आधी मला लिवायचे हो. शेवटच्या वर्षी मात्र कायच लिवल्यानी नाय. कंटाळले असतील." हे ती हसून म्हणायची. नम्रता घरात असली तर त्या वेळी उठून परसदारी जायची.

आता या वर्षीच्या मे महिन्याकडे येते. नम्रता लेकीला घेऊन सुट्टीला आली. लेकीचं नाव संस्कृती, वय वर्षं दहा. तिचे बाबा अनिल पुण्याला कंपनीत आहेत. त्यांनी वाढदिवसाला नवीन मशीन पाठवलं होतं आणि त्यात होता नवा 'मोरीबा'. माझ्याच खानदानातला, पण पंचवीस वर्षांनी धाकटा. ट्रंकेतून मला आमची जुनी धून ऐकू आली. आमच्या वेळी ती टिऽटिऽ अशी एका सुरात वाजायची. आता म्हणे तिच्यात बासऱ्या, व्हायोलिनं, काय काय! माझा जळफळाट झाला, कबूल करते. त्यात भुतांच्या अंगावरचे केस वाऱ्याने हलतात. खेळ आपोआप जपला जातो, इंटरनेटवर कुठेतरी राहतो, त्याला सेलचं भय नाही. फुंकर मारावी लागत नाही. एवढं सगळं आयतं मिळाल्यावर मुलांना काय किंमत कळणार, असंही मी मनात म्हणून घेतलं.

पण धून ऐकताच नम्रता चुलीपासून उठून आली. संस्कृतीच्या शेजारी बसली आणि पडद्याकडे बघत राहिली. जंगलाच्या तोंडाशी तेच वाकडं झाड होतं. झाडाखाली तेच कासवासारखं भूत, पाठीवर शेवाळ असलेलं. लहानपणी ती त्याला 'शेवळ्या' म्हणायची. आता त्याचं शेवाळ ओलं दिसत होतं, इतकं खरं. हे मी पाहिलं नाही, मायलेकींच्या बोलण्यातून मला कळलं.

"आई, रडतेस कशाला? भूत आहे ते," संस्कृती म्हणाली.

"माझ्या ओळखीचं आहे," नम्रता म्हणाली. "पण त्याने मला नाही ओळखलं."

मग चार दुपारी मायलेकी नवा खेळ खेळल्या. नम्रता जुन्या वाटा शोधत हिंडत होती. इथे तळं होतं, इथे म्हातारा बसायचा, असं लेकीला सांगत होती. पाचव्या दिवशी तिने शेवळ्याला धरलं. पडद्यावर नाव ठेवायची चौकट उघडली. रिकामी चौकट, एक रेघ उघडझाप करतेय. नम्रताची बोटं थांबली.

"आई, ठेव ना नाव!"

नम्रता उठली, सरळ ट्रंकेपाशी गेली आणि गोधड्या उपसू लागली. सतरा वर्षांनी माझ्या अंगावर उजेड पडला.

माझं मशीन बिघडलं होतं. त्यात विसरलेले पेन्सिल सेल पाझरून सगळीकडे हिरवी बुरशी धरली होती. नम्रता आम्हा दोघांना घेऊन हातखंब्याच्या नाक्यावर धम्मदीपच्या दुकानात गेली. धम्मदीप घड्याळं आणि रेडिओ दुरुस्त करतो, त्याचा हात फार हलका आहे. ती त्याला म्हणाली, "जपून कर रे. यात माझ्या बाबांनी लिहिलेलं आहे. आईला वाचून दाखवायचंय."

"काळजी सोडा, ताई. उद्या सकाळी या."

मित्रांनो, त्याने खरंच जपून केलं. मशीनमधली बुरशी जुन्या टूथब्रशने, तासभर बसून घासली. ते चालू झाल्यावर त्याने मला हातात घेतलं. पाझरलेल्या सेलने मशीनचं काय केलं होतं ते तो बघत होता, म्हणून त्याला माझी काळजी वाटली. माझे स्क्रू निराळे असतात, त्यांना साधा पेचकस लागत नाही. त्याने बॉलपेनची नळी मेणबत्तीवर मऊ केली, स्क्रूवर दाबून तिला त्याचा आकार दिला आणि मला उघडलं. सेल दिसला. जुना सेल आत ठेवायचा नाही, हा घड्याळजीचा पहिला नियम. त्याने गरम सुईने दोन टाके सोडवले आणि सेल उचलला.

काही दुखलं नाही. रोजच्या सवयीने मी पहिलं नाव म्हणायला गेले आणि ते नव्हतं. दुसरं नव्हतं. शेवटचं नव्हतं. किती होती, तेही आठवेना. धम्मदीप शीळ घालत नवीन सेल बसवत होता.

दुसऱ्या दिवशी नम्रता आणि संस्कृती आल्या. धम्मदीपने मशीन पुसून पुढे केलं. धून वाजली. पडद्यावर एकच ओळ आली, नवीन खेळ सुरू करा.

नम्रताने बंद करून पुन्हा लावलं. मला काढून फुंकर मारली. पुन्हा तीच ओळ.

"कॅसेटमधला सेलपण बदललाय, ताई," धम्मदीप कौतुकाने सांगत होता. "जुन्यात थोडा जीव होता अजून, पण पाझरला असता तर? म्हटलं, तुमच्या बाबांचं लिहिलेलं आहे."

नम्रताने खुर्चीचा हात घट्ट धरला. संस्कृतीला समजलं. ती हळूच म्हणाली, "काका, ते त्या सेलवरच होतं."

धम्मदीपचा चेहरा उतरला. "घड्याळाचा सेल बदलला की नुसते काटे लावून घ्यायचे असतात... मला वाटलं..."

"तुझं काही चुकलं नाही," नम्रता म्हणाली. "सतरा वर्षं ते जिवंत होतं. मीच उघडलं नाही."

घरी आलो तेव्हा ऊन अजून पडवीत होतं. तुळसा सुपारी कातरत होती, सखारामकाका शेजारी बसले होते. नम्रता उंबऱ्यावर बसली आणि मला मांडीवर ठेवून तिने सगळं सांगितलं. त्या वर्षी बाबांनी लिहिलं होतं. तिने ते उघडलंच नव्हतं. आईला खोटं सांगितलं होतं. आता ते पुसलं गेलं.

अडकित्ता थांबला. तुळसा लेकीकडे बघत राहिली. "वायट केलंस, नमू," ती म्हणाली. "लय वायट केलंस." नम्रताने मान खाली घातली.

मग सखारामकाका बोलले. "मोप लिवलान होता, वयनी. एका शब्दाला एक भूत धरायला लागायचं. धरायला गेला की पळायचं ते. तीसच्या वर धरलान त्या पावसात. मी म्हटलं, हरी, कशाला एवढा जीव काढतोस? सरळ पत्र लिव. तर म्हणतो कसा, पत्र दहा मिनटात लिवून होतं. हे महिनाभर पुरतं, तेवढे दिवस घरात असल्यासारखं वाटतं."

"काय लिवल्यानी होतं?"

"वाचायला मला कुठे येतंय, वयनी? विचारलं तर लाजायचा."

तुळसाने हात पुढे केला. इतक्या वर्षांत तिने मला कधी हातात घेतलं नव्हतं. तिने मला पदराने पुसलं, उलटसुलट करून पाहिलं.

"म्हणजे लिवलेलं होतं," ती स्वतःशीच म्हणाली. मग संस्कृतीकडे वळून म्हणाली, "बाय, मला दाखव बघू, एक भूत धरायला किती वेळ लागतो."

संस्कृती नवीन मशीन घेऊन आज्जीला चिकटून बसली. पहिलं भूत झाडामागे गेलं. दुसऱ्याने खाऊ खाल्ला आणि पळालं. तुळसा डोळे बारीक करून बघत होती, मध्येच "गेलं मेलं!" म्हणत होती. तिसरं जाळ्यात आलं तेव्हा पडवीतलं ऊन अंगणात उतरलं होतं.

"एका शब्दाला एवढा वेळ?" तुळसाने विचारलं.

"आज्जी, यात लवकर धरता येतं. आईच्या जुन्या गेममध्ये याच्यापेक्षा खूप जास्त लागायचा."

"जास्त?" तुळसा म्हणाली. तिने मला मुठीत घट्ट धरलं होतं आणि तिच्या डोळ्यांतलं पाणी माझ्या लेबलवर पडत होतं. "याच्यापेक्षा जास्त?"

मित्रांनो, माझ्यात आता नवा सेल आहे. पंचवीस वर्षं आरामात टिकेल, पण त्याने जपावं असं माझ्या पोटात काही नाही. मला धुळीपासून जपा, सेल वेळेवर बदला, असं सांगायला मी आले होते खरी. ते राहू दे. तुमच्यासाठी कोणी काही पाठवलं असेल तर ते आजच उघडा. रागावला असाल तर रागातच उघडा. राग काय, वाचून झाल्यावरही धरता येतो.